पॅच लावला, पण पासवर्ड कुणाकडे आहेत?

अँटिव्हायरसच्या मॅनेजमेंट सर्व्हरमध्ये (म्हणजे संस्थेतल्या सगळ्या मशिन्सवरचा अँटिव्हायरस एका जागेवरून चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये) फाइल डिस्क्लोजरची, म्हणजे नको त्याला सर्व्हरवरच्या फाइल वाचू देणारी, त्रुटी जाहीर झाली, की ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, यातून फाइल वाचता येते, एवढंच; कोड चालवता येत नाही, काही बदलता येत नाही, शिवाय कन्सोल (ॲडमिनचं नियंत्रणाचं पान) आतल्या नेटवर्कवर आहे, तेव्हा पुढच्या मेंटेनन्सच्या वेळी बघू. दुसरी बाजू तावातावाने विचारते, ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळता येत नाही ते आमची हजार मशिन्स काय सांभाळणार? काढून टाका ते प्रॉडक्ट! दोघंही त्रुटीच्या प्रकारावर हमरीतुमरीवर येतात आणि ती ज्या मशिनवर आहे त्या मशिनवर काय काय ठेवलंय, हे कुणी तपासत नाही. माझं म्हणणं असं की या जातीच्या सर्व्हरवर ‘वाचता येणं’ आणि ‘ताबा मिळणं’ यांत बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या पायरीचंच अंतर असतं. म्हणून अशी त्रुटी कळली की पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या की (मजकूर कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या) चोरीला गेल्या असं धरूनच कामाला लागावं. पॅच, म्हणजे विक्रेत्याची दुरुस्ती, लावून त्या कामाची फक्त सुरुवात होते.

या सर्व्हरवर असतं काय? समोर वेब कन्सोल, मागे डेटाबेस आणि प्रत्येक मशिनवर बसवलेल्या एजंट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमशी बोलणारी एक सर्व्हिस. इन्स्टॉलेशनच्या फोल्डरात डेटाबेसचं नाव, खातं आणि पासवर्ड सांगणारी कॉन्फिगरेशन फाइल असते. वेब सर्व्हरच्या सर्टिफिकेटची खासगी की असते, आणि ती ज्या कीस्टोअरमध्ये (की साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवलेली असते त्याचा पासवर्ड टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला सर्रास सापडतो. एजंट ज्या कीवरून आपला सर्व्हर ओळखतात, तीही इथेच. शिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (संस्थेच्या खात्यांच्या आणि मशिन्सच्या मायक्रोसॉफ्टच्या नोंदवहीतून) मशिन्सची यादी ओढणारं खातं, इशाऱ्याचे मेल पाठवणारं खातं आणि या सगळ्यांत महागडं म्हणजे दुरून इन्स्टॉलेशन करायला दिलेलं खातं. नव्या मशिनवर एजंट ढकलायला त्या मशिनवर लोकल ॲडमिनचे अधिकार लागतात, आणि घाईतला माणूस तिथे सरळ डोमेन ॲडमिनचं, म्हणजे अख्ख्या नेटवर्कवर सत्ता असलेलं, खातं टाकून मोकळा होतो. त्यात ही सर्व्हिस विंडोजवर पुष्कळदा लोकल सिस्टिम या मशिनवरच्या सर्वाधिकारी खात्याखाली चालते. त्यामुळे वाचण्याची त्रुटी प्रॉडक्टच्या फोल्डरापुरती राहत नाही. अख्खी डिस्क उघडी पडते.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल, तर २०१५ च्या जानेवारीतलं मॅकॅफी ईपॉलिसी ऑर्केस्ट्रेटर या मॅनेजमेंट सर्व्हरचं प्रकरण पाहा. सर्व्हर टास्क लॉगच्या पानावर यादी गाळण्यासाठी जो एक्सएमएल (खुणांनी बांधलेल्या माहितीच्या) रूपातला मजकूर पाठवला जातो, त्यात बाहेरच्या एंटिटीचा संदर्भ, म्हणजे ‘इथे अमुक पत्त्यावरची फाइल आणून घाल’ अशी खूण, घुसवता येत होता. लॉगिन केलेला वापरकर्ता त्यातून सर्व्हरवरची फाइल वाचू शकत होता. इथवर पहिल्या बाजूचं म्हणणं ठीकच आहे. पण वाचण्याजोगी फाइल कुठली, तर डेटाबेसच्या सेटिंगची. पासवर्ड त्यात एन्क्रिप्ट केलेला होता खरा, पण ज्या गुप्त कीने तो एन्क्रिप्ट व्हायचा ती सगळ्या ग्राहकांच्या इन्स्टॉलेशनमध्ये एकच होती! म्हणजे एका ठिकाणी की मिळाली, की कुठल्याही ठिकाणचा पासवर्ड उलगडायचा. सीव्हीई या त्रुटींच्या जागतिक यादीत या दोन स्वतंत्र त्रुटी आहेत, २०१५-०९२१ आणि २०१५-०९२२. वेगवेगळ्या वाचल्या तर दोन्ही मध्यम वाटतात. एकापुढे एक ठेवल्या की डेटाबेस हातात येतो, आणि कन्सोलचे वापरकर्ते, त्यांचे अधिकार, मशिन्सना द्यायच्या कामांच्या नोंदी हे सगळं त्या डेटाबेसातच असतं.

त्याच्या वर्षभर आधी, २०१४ च्या फेब्रुवारीत, सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन मॅनेजरमध्येही असंच घडलं. तिथे लॉगिनचीसुद्धा गरज नव्हती. एक्सएमएलमधल्या त्याच जातीच्या त्रुटीचा वापर फाइल वाचण्यापुरता थांबला नाही. बाहेरच्या एंटिटीचा पत्ता म्हणून फाइलऐवजी त्याच मशिनचा आतला पत्ता दिला, की सर्व्हर स्वतःच स्वतःला विनंती पाठवायचा. बाहेरून न पोचता येणाऱ्या भागात एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसला आपले हुकूम घुसवू देणारी) त्रुटी होती, तिथवर अशी विनंती पोचायची. आणि सोबत येणाऱ्या डेटाबेसात एक्सपी सीएमडीशेल ही कमांड चालवण्याची सोय चालू असल्यामुळे शेवटी सिस्टिम अधिकाराने हवी ती कमांड चालायची. ज्या त्रुटीला आपण ‘फक्त वाचणारी’ म्हणून बाजूला ठेवतो, ती कित्येकदा पुढच्या खोलीचं दार असते.

ही त्रुटी याच जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा का सापडते? कारण फाइल वाटणं हेच याचं पोटापाण्याचं काम. हजारो एजंट दिवसभर विचारत असतात, अमुक नावाची पॅटर्न फाइल (व्हायरस ओळखण्याच्या खुणांची यादी) दे, तमुक पॉलिसी दे. सर्व्हर आलेलं नाव आपल्या फोल्डराच्या मार्गाला जोडतो आणि फाइल हातावर ठेवतो. नावात दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ (../) भरत गेलं, की फोल्डराबाहेर पडता येतं. यावर प्रोग्रॅमर करतात ती पहिली डागडुजी म्हणजे नावातली ही अक्षरं एकदा काढून टाकणं. मग कुणी ....// पाठवतो, मधली अक्षरं काढली की उरलेली जुळून पुन्हा तीच तयार होतात. विंडोजवर उलटी रेघही चालते, ती तपासायची राहून जाते. कधी एन्कोडिंग (अक्षरांचं सांकेतिक रूप) दोनदा उलगडलं जातं आणि तपासणी दोन उलगडण्यांच्या मध्ये होते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये २००० साली युनिकोडची आणि २००१ साली दुहेरी उलगडण्याची अशा दोन चुका निघाल्या होत्या. २००१ च्या सप्टेंबरातल्या निम्डा या आपोआप पसरणाऱ्या वर्मने दोन्हींचा फायदा घेतला. खरा उपाय ठाऊक आहे आणि लहानसा आहे. आधी पूर्ण मार्ग सोडवून घ्यायचा, मग तो ठरलेल्या फोल्डरानेच सुरू होतो का हे पाहायचं, आणि तुलना करताना फोल्डराच्या नावाअंती रेघ धरायची, नाहीतर ‘रेपो’ला दिलेली परवानगी शेजारच्या ‘रेपोबॅकअप’लाही मिळते. हेही विसरू नये की या व्यवस्थेत एजंटसुद्धा पोर्ट उघडून बसलेला असतो. ट्रेंड मायक्रो ऑफिसस्कॅनमध्ये २००८ साली सापडलेली अशी त्रुटी सर्व्हरवर नव्हती. ती क्लायंटच्या, म्हणजे मशिन्सवरच्या एजंटच्या, ऐकत बसणाऱ्या सर्व्हिसमध्ये होती.

आता पहिल्या बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते मान्य करू. वाचणं म्हणजे चालवणं नव्हे, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. विंडोज चालू असताना सॅम ही मशिनच्या पासवर्डांची फाइल कुलूपबंद असते, सिस्टिम अधिकार असूनही ती साध्या रीतीने उघडत नाही. एक्सएमएलच्या वाटेने वाचताना बायनरी फाइल येत नाही, आणि मजकुरात अँपरसँड किंवा कोनी कंस आले की पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम, अडखळतो. पण या मर्यादांना पुरून उरणाऱ्या फाइल कोणत्या? छोट्या, साध्या मजकुराच्या, एका ओळीत एक सेटिंग लिहिलेल्या. नेमक्या पासवर्डच्या. त्यांचा मार्गही शोधावा लागत नाही, कारण बहुतेकांनी इन्स्टॉलेशन नेहमीच्याच फोल्डरात केलेलं असतं. आणि नसेल केलं, तर जावामध्ये फाइलऐवजी फोल्डरचा पत्ता दिला तरी त्यातल्या नावांची यादी मिळते. चाचपडत जाण्याची गरज उरत नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे: सगळंच ‘क्रिटिकल’ म्हटलं तर काहीच क्रिटिकल राहत नाही. सुरक्षेचं काम करणाऱ्यांपुढे दर आठवड्याला त्रुटींचा ढीग पडतो. त्याची वर्गवारी करायला सीव्हीएसएस या पद्धतीचे गुण आहेत, त्रुटीच्या गांभीर्यानुसार १० पैकी. नेटवर्कवरून, लॉगिनशिवाय, फक्त वाचता येणाऱ्या त्रुटीला नेहमीच्या हिशोबाने ७.५ गुण पडतात आणि कोड चालवणारीला ९.८. ही शिस्त मोडावी असं मी म्हणत नाही. पण ते गुण त्रुटीचे आहेत, तुमच्या मशिनचे नाहीत. २०१४ च्या एप्रिलमधली हार्टब्लीड ही त्रुटी आठवा. सर्व्हरच्या मेमरीचे तुकडे वाचता येण्यापलीकडे त्यात काहीच नव्हतं, त्या वेळच्या पद्धतीत त्याला १० पैकी अवघे ५ गुण मिळाले, आणि जगभर सर्टिफिकेटं बदलण्याची धावपळ उडाली. पुढे २०१९ मध्ये पल्स सिक्युअरच्या व्हीपीएनमधल्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात आणणाऱ्या उपकरणातल्या), लॉगिनशिवाय फाइल वाचू देणाऱ्या त्रुटीला पूर्ण १० गुण मिळाले; वाचता येणाऱ्या फाइलमध्ये वापरकर्त्यांचे पासवर्ड साध्या अक्षरांत होते. गुण देण्याची पद्धत मध्यंतरी बदलली होती हे खरं, पण जात तीच, फक्त वाचण्याची, आणि गुण दुप्पट. म्हणजे गुण देणाऱ्यांनीही फाइलमध्ये काय आहे ते पाहिलं असावं. मग ते आपल्या सर्व्हरपुरतं आपण का बघू नये?

इतिहासात यापेक्षा जुना दाखला आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन क्रूझर माग्डेबुर्ग बाल्टिक समुद्रात ओडेन्सहोल्म बेटाजवळ रुतली. रशियनांच्या हाती तिच्यावरची नौदलाची संकेतवही लागली आणि ऑक्टोबरात तिची एक प्रत ब्रिटिशांकडे पोचली. क्रूझर गेली, हे जर्मनांना कळलंच होतं. एक जहाज कमी झालं, तेवढा हिशोब त्यांनी मांडला. त्या वहीवर चालणारे संदेश मात्र पुढे बराच काळ वाऱ्यावर जात राहिले आणि लंडनमध्ये रूम ४० या ब्रिटिश नौदलाच्या संकेत उलगडणाऱ्या विभागात ते वाचले जात होते. वही बदलणं महाग होतं, सगळ्या जहाजांवर एकाच वेळी नवी वही पोचवावी लागली असती. मॅनेजमेंट सर्व्हरची की बदलताना जी कुरकुर होते तिचं कारण अगदी हेच असतं.

‘पण आमचा कन्सोल इंटरनेटवर नाही.’ चांगलंच आहे, आणि बाहेरून येणारा बराचसा धोका त्याने खरोखर टळतो. पण आत शिरलेल्या हल्लेखोराला सर्वांत आधी हवा असतो तो असाच सर्व्हर, जिथून एका हुकमासरशी सगळ्या मशिन्सपर्यंत पोचता येतं. २० मार्च २०१३ रोजी दक्षिण कोरियातल्या बँका आणि वाहिन्यांची तीस हजारांहून जास्त मशिन्स पुसली गेली; घातक फाइल पसरवायला त्या संस्थांचेच अपडेट वाटणारे सर्व्हर वापरले गेले होते. मित्सुबिशी इलेक्ट्रिकने २०२० च्या फेब्रुवारीत स्वतःच जाहीर केलं की २०१९ च्या मार्चमध्ये त्यांच्या चीनमधल्या एका ठिकाणचा अँटिव्हायरस मॅनेजमेंट सर्व्हर अज्ञात त्रुटीतून फोडला गेला आणि पॅटर्न फाइल अपडेट करण्याची सोय वापरून हल्ला मशिन्सवर पसरला. या दोन्ही घटना निव्वळ फाइल वाचण्याच्या नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण सर्व्हरवर ताबा मिळाला की पुढे काय होतं, ते त्यांतून दिसतं. आणि त्या ताब्यापर्यंत नेणारी सर्वांत कमी गाजावाजाची वाट म्हणजे पासवर्ड वाचून राजरोस लॉगिन करणं. ‘त्यासाठी आधी लॉगिन लागतं’ हा युक्तिवादही इथेच लंगडा पडतो. लॉगिन कुणाचं? हेल्पडेस्कवाल्याचं, अहवाल पाहणाऱ्या ऑडिटरचं, तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कंत्राटदाराचं? ज्याला फक्त अहवाल बघायचा अधिकार दिला होता त्याला सर्व्हरची डिस्क बघता येत असेल, तर अधिकारांची ती सगळी उतरंड कागदावरच राहिली.

पॅच लगेच लावणं सोपं नसतं, हेही खरं. मॅनेजमेंट सर्व्हरच्या अपग्रेडमध्ये डेटाबेसचं स्वरूप बदलतं, जुने एजंट नव्या सर्व्हरशी बोलतील का ते पाहावं लागतं, अर्ध्यात अडकलं तर परत फिरायला ताजा बॅकअप लागतो. मधल्या काळासाठी ‘फायरवॉलने बंद करतो’ असं म्हणण्याआधी त्रुटी नेमक्या कुठल्या पोर्टवर (सर्व्हरच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर) आहे ते शोधा. कन्सोलच्या पोर्टवर असेल (सिमँटेकच्या मॅनेजरमध्ये ८४४३ आणि ९०९०, मॅकॅफीत ८४४३) तर ते पोर्ट ॲडमिनच्या एक-दोन मशिन्सपुरतं ठेवलं की काम भागतं. एजंट ज्या पोर्टवर बोलतात, उदाहरणार्थ सिमँटेकचं ८०१४, त्यावर त्रुटी असेल तर ते बंद करता येत नाही. केलं तर सगळ्या मशिन्सचे अपडेट थांबतात. तेव्हा मात्र मेंटेनन्सची वाट पाहण्यात अर्थ नाही, त्याच रात्री बसायला हवं. सोबत सर्व्हरच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्या आवळा. त्याला विक्रेत्याचे अपडेट सर्व्हर, स्वतःचा डेटाबेस, डिरेक्टरी आणि मेल सर्व्हर यापलीकडे स्वतःहून कुठे बोलायची गरज क्वचितच पडते, आणि एक्सएमएलच्या वाटेने वाचलेला मजकूर पुष्कळदा सर्व्हरनेच बाहेर केलेल्या विनंतीतून निघून जातो.

लॉग पाहायचे तर त्यात काय दिसणार नाही तेही ठाऊक हवं. फाइलचा मार्ग वेब पत्त्यात असेल तर ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) टिंबं-रेघा किंवा त्यांची टक्केवाली रूपं (%२e, %२f, %५c, दुहेरी एन्कोडिंगमध्ये %२५) सापडतात. एक्सएमएल मात्र पोस्ट विनंतीच्या पोटात जातं, आणि पोट ॲक्सेस लॉगमध्ये लिहिलं जात नाही. तिथे दिसेल ती एक साधीसुधी, यशस्वी विनंती. म्हणून ‘लॉगमध्ये काही नाही’ हे वाक्य ऐकलं की मला धीर येत नाही, उलट कोणता लॉग पाहिला ते विचारावंसं वाटतं.

आणि मग ते काम, जे बहुतेक ठिकाणी होतच नाही. फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधली फाइल वाचू देणारी त्रुटी (सीव्हीई-२०१८-१३३७९) २०१९ मध्ये दुरुस्त झाली होती. २०२१ च्या सप्टेंबरात सुमारे ८७ हजार उपकरणांची लॉगिनं उघड्यावर आली, आणि कंपनीने तेव्हा सांगितलं की पॅच नंतर लावला असेल तरी पासवर्ड बदलले नसतील तर धोका तसाच आहे. पल्स सिक्युअरबाबत अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२० च्या एप्रिलमध्ये हेच बजावलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट सर्व्हरवरच्या २०२५ मधल्या हल्ल्यांत सर्व्हरच्या मशिन की (विनंती खरी आहे हे ज्यांवरून ठरतं त्या की) चोरल्या गेल्या, आणि त्या बदलेपर्यंत पॅच लावूनही दार उघडंच होतं. इतके दाखले असताना बदलाच्या नोंदीत ‘पॅच लावला, काम बंद’ असं लिहून कसं चालेल?

क्रमही महत्त्वाचा. पॅच आधी, नाहीतर नवा पासवर्डही त्याच भोकातून वाचला जाईल. मग कन्सोलची चालू सेशन्स तोडा. मग दुरून इन्स्टॉलेशन करणारं खातं, कारण त्याची पोच सर्वांत लांब. खरं तर ते खातं सर्व्हरवर साठवूच नये, गरजेच्या दिवशी चालू करून संध्याकाळी बंद करावं. त्यानंतर डिरेक्टरीचं खातं (याला वाचण्यापलीकडे अधिकार असूच नयेत), डेटाबेसचं, मेलचं. कन्सोलच्या वापरकर्त्यांचे पासवर्ड, आणि तेच पासवर्ड आणखी कुठे वापरले असतील तर तिथलेही. शेवटी सर्टिफिकेट आणि एजंटांची की, आणि इथे घाई केली तर फसगत होते. जुनी की एकदम काढली तर एजंट सर्व्हरला ओळखत नाहीत आणि हजार मशिन्स अनाथ होतात. आधी नवी की तयार करून मुख्य म्हणून नेमायची, जुनीही चालू ठेवायची, एजंट संपर्क साधून नवी की घेतील तशी मोजणी करायची, आणि मगच जुनी मोडीत काढायची. सिमँटेकच्या मॅनेजरमध्ये सर्टिफिकेट बदलण्यापूर्वी सुरक्षित संपर्काची सक्ती काही काळ उठवून एजंटांचे किमान तीन हार्टबीट (सर्व्हरशी ठरावीक वेळाने होणारे संपर्क) जाऊ द्यावे लागतात, ते याचसाठी. कपाटात पडलेले लॅपटॉप या काळात संपर्कात येत नाहीत. त्यांच्यावर एजंट हाताने पुन्हा बसवावा लागतो, आणि त्यांच्या नावाखाली जुनी की महिनोन्महिने चालू ठेवू नये. एक जागा हमखास निसटते: जुने बॅकअप. सहा महिन्यांनी सर्व्हर पडला, कुणी जुना बॅकअप चढवला, की जुन्या की आणि जुने पासवर्ड तसेच परत येतात.

दुसऱ्या बाजूचा राग मला समजतो, पण ‘काढून टाका’ने फार थोडं सुटतं. वर आलेली नावं वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. चूक त्या सॉफ्टवेअरच्या घडणीत आहे, आणि नवं प्रॉडक्टही फाइल वाटणारच. केंद्रीय व्यवस्थापनच सोडलं तर कुठल्या मशिनवरची पॅटर्न फाइल किती जुनी आहे हे कळण्याची सोय जाते. क्लाउडवरच्या कन्सोलमुळे तुमच्या आवारातला सर्व्हर जातो हे खरं. तिथे की मात्र विक्रेत्याच्या ताब्यात असतात आणि त्या बदलल्या की नाही हे तुम्हाला त्याच्याच शब्दावर मानावं लागतं. विक्रेत्यांना धारेवर धरायचं तर नेमकं धरावं. एन्क्रिप्शनची की प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळी आहे का? फाइल वाटणारी सर्व्हिस लोकल सिस्टिमऐवजी तोकड्या अधिकाराच्या खात्यावर का चालत नाही? एक्सएमएल पार्सरमध्ये डॉकटाइप (एंटिटी जिथे जाहीर होतात तो भाग) आणि बाहेरच्या एंटिटी मुळातच बंद आहेत का? सगळ्या की एका कमांडने, एजंट न तोडता बदलायची सोय दिली आहे का? आणि त्रुटीच्या निवेदनात ‘संवेदनशील माहिती उघड होऊ शकते’ या गुळमुळीत ओळीऐवजी चार गोष्टी लिहायला त्यांना भाग पाडावं: त्रुटी कुठल्या पोर्टवर आहे, वाचणारी सर्व्हिस कुठल्या खात्यावर चालते, त्या खात्याला दिसणाऱ्या पासवर्ड आणि कीच्या फाइल कोणत्या, आणि पॅचनंतर त्यातलं काय काय बदलायचं. पुढच्या कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी ही अट घालायला कुणाची ना नसावी.